साहेब ओरडतात तेव्हा हातात पेन घ्या

प्रश्न विचारणाऱ्या ताई एका तहसील कार्यालयात महसूल सहाय्यक आहेत. नोकरीचं तिसरं वर्ष. साहेब, म्हणजे तहसीलदार, रोज दालनात बोलावून बाहेरच्या लोकांसमोर वाट्टेल तसं बोलतात. "सीआर (गोपनीय अहवाल) खराब करीन", "घरी बसवीन", "गडचिरोलीला पाठवीन" हे तर उठता बसता. महिन्यापूर्वी त्यांनी एक अर्ज मागच्या तारखेने आवकला, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत, घ्यायला सांगितला. ताईंनी दोन दिवस टाळाटाळ केली, तेव्हापासून त्रास दुप्पट झाला. घरी सांगितलं तर सासरे म्हणतात, नोकरी म्हटलं की हे चालायचंच. दालनातून बाहेर आलं की रडू येतं. शेवटी त्यांनी विचारलंय: "गेंड्याची कातडी कमवायची कशी?"

ताई, मी १९८६ साली लिपिक म्हणून महसुलात लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. मी वकील नाही, मनाचा डॉक्टरही नाही. पण मधल्या काळात बऱ्याच विभागीय चौकशांत सहकाऱ्यांचा बचाव सहायक, म्हणजे त्यांची बाजू मांडणारा, म्हणून बसलो. कोण मोडतं आणि कोण टिकतं, हे तिथे जवळून बघायला मिळालं. कॅन्टीनमध्ये टेबलावर हात आपटून "मी कुणाच्या बापाला भीत नाही" म्हणणारे पहिल्या तारखेलाच ढेपाळलेले पाहिले. आणि ज्यांचा आवाज शेजारच्या टेबलालाही ऐकू जात नसे, अशी माणसं तीन-तीन वर्षं शांतपणे टिकलेली पाहिली. तेव्हा गेंड्याची कातडी तर मुळीच नको. ती मिळवलेली माणसं पुढे स्वतः साहेब होतात, आणि मग कुणीतरी दुसरं दालनाबाहेर रडत असतं.

आधी एक गोष्ट तपासून घ्या. तुमचे साहेब कडक आहेत की छळणारे? हसू नका, हा फरक मला स्वतःला दोन वर्षं कळला नव्हता. एका तालुक्याला आम्हाला असे साहेब होते की दप्तर तपासणीत त्यांनी माझी कार्यविवरण नोंदवही सगळ्यांसमोर भिरकावली होती. मी त्यांना दोन वर्षं मनातून शिव्या घातल्या. पण त्यांचं प्रत्येक म्हणणं कागदावर असायचं, त्यात प्रकरणाचा नंबर असायचा, आणि पूर्तता केली की शेरा ते स्वतःच्या हाताने निकाली काढायचे. पुढे चौकशा लढवताना मला जे जे उपयोगी पडलं, त्यातलं निम्मं त्यांच्याकडून शिकलेलं. नोंदवही भिरकावणं चूकच होतं, ते आजही म्हणतो. पण तो छळ नव्हता.

ओळखायची खूण सोपी आहे. आवाज न चढवता एवढंच म्हणायचं, "साहेब, हे लेखी द्याल का?" कडक माणूस देतो, वर दोन ओळी जास्तच लिहून देतो. छळणाऱ्याला नेमका याच वाक्याचा राग येतो. तुमच्या साहेबांनी मागच्या तारखेचा आदेश तोंडी दिला आणि तुम्ही कुरकुरल्यावर त्रास वाढवला. त्यामुळे तुमच्या बाबतीत मला तरी फारशी शंका नाही.

आता भीतीचं माप काढू. रात्री झोप उडते ती "काय करतील कोण जाणे" या विचाराने. तो "कोण जाणे" काढून टाकायचा. वहीचं एक पान घ्या. डाव्या बाजूला साहेबांची प्रत्येक धमकी लिहा, उजव्या बाजूला ती अमलात आणायचा अधिकार नेमका कुणाला आहे ते लिहा.

गडचिरोलीचंच बघा. तुमचा संवर्ग, म्हणजे तुमच्या पदांचा गट, जिल्ह्यापुरता आहे. तुम्हाला जिल्ह्याबाहेर पाठवणं तहसीलदारांच्या हातात नाही. (गडचिरोलीतही आपलीच माणसं नोकरी करतात, उत्तम करतात, आणि या धमकीचा त्यांना किती राग येत असेल हा विचार कुणी करत नाही.) जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदली होऊ शकते. पण त्यासाठी २००५ चा बदल्यांचा कायदा आहे. सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा. मुदतीआधी हलवायचं असेल तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची आधी मान्यता घ्यावी लागते. ते न करता काढलेल्या बदल्या मॅटने कितीतरी वेळा रद्द केल्या आहेत. मॅट म्हणजे आपलं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. ते १९९१ पासून मुंबई, नागपूर आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बसतं.

"घरी बसवीन", म्हणजे निलंबन. तुमचे नियुक्ती प्राधिकारी जिल्हाधिकारी आहेत. तहसीलदार प्रस्ताव पाठवू शकतात, आदेश काढू शकत नाहीत. आणि आदेश निघालाच तरी निलंबन ही शिक्षा नाही. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराइतका. तीन महिन्यांनंतर विलंब तुमच्यामुळे झालेला नसेल तर तो पाऊण पगारापर्यंत वाढवता येतो. दोषारोपपत्र ९० दिवसांत दिलं नाही तर निलंबन पुढे रेटता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितलं. राज्य शासनाने ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात तेच धरलं.

सीआरचं अस्त्र मात्र खरं आहे, ते हलकं समजू नका. शेरा प्रतिवेदन अधिकारी लिहितात, पण तो तपासायला वर पुनर्विलोकन अधिकारी असतात. शेरा तुम्हाला कळवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केलंय. त्यावर मुदतीत अभिवेदन, म्हणजे आपली लेखी बाजू, देता येतं. म्हणूनच वर्षभरात केलेल्या कामाचे आकडे तुमच्या स्वतःच्या वहीत असले पाहिजेत. किती प्रकरणं आली, किती निकाली निघाली, महिन्याच्या महिन्याला. मार्च महिन्यात आठवून लिहू म्हणाल तर काहीही आठवत नाही.

एवढं पान भरलं की बघा, दहापैकी सहा-सात धमक्यांसमोर "अधिकार नाही" असं लिहिलेलं असेल. उरलेल्या तीन-चारांची भीती बाळगा, ती रास्त आहे. पण आता ती मोजलेली आहे.

यानंतर कागद. तो अर्ज मागच्या तारखेने घ्यायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करावं लागतं, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. नोंदवहीत जागा नसते, मग दोन ओळींच्या मध्ये "४१२/अ" घुसडायचा. शाई वेगळी, अक्षर दाटीवाटीचं. चौकशी अधिकाऱ्याला भिंग लागत नाही, पान उघडताक्षणी त्याची नजर तिथेच जाते. आणि ते अक्षर साहेबांचं नसतं, तुमचं असतं. साहेब म्हणतात, "मी कशाला सांगेन?" मी बसलेल्या चौकशांत खोट्या नोंदीच्या प्रकरणी सगळ्यांत आधी अडकला तो पेन धरणारा.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ३ काढून वाचा. वरिष्ठाच्या निदेशानुसार वागायचं असेल तर निदेश शक्य तिथे लेखी घ्यायचा, आणि तसं शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यायची, असं त्यात म्हटलंय. म्हणजे लेखी मागणं हा उद्धटपणा नाही, ते तुमचं कामच आहे. हे पोटात उतरलं की आवाज आपोआप स्थिर होतो. पुढच्या वेळी असा तोंडी आदेश आला तर वाद घालू नका, "नाही" असा शब्दही काढू नका. टेबलावर या आणि टिपणी लिहा. साधारण अशी:

"सविनय सादर. आज दुपारी १२.१० वाजता दालनात श्री. अमुक यांचा अर्ज दिनांक अमुक या तारखेने आवक नोंदवहीत घेण्याबाबत तोंडी निदेश झाले. सदर अर्ज आज कार्यालयात प्राप्त झाला असून आजच्या दिनांकास आवक क्रमांक अमुकने नोंदविला आहे. याव्यतिरिक्त कार्यवाही अपेक्षित असल्यास कृपया लेखी आदेश व्हावेत. आदेशार्थ सादर."

बघा, यात एकही विशेषण नाही. "दबाव", "बेकायदेशीर", "नाइलाज" यातलं काही नाही. कोण, काय, किती वाजता, आणि मी काय केलं, एवढंच. साहेबांनी यावर सही केली तर तुमच्या गळ्यातला दोर निघाला. सही न करता परत फेकली तर त्याच दिवशी दुसरी प्रत आवकला देऊन पोहोच (मिळाल्याची सही) घ्या. स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडे राहणारी प्रत, घरी. बहुतेक वेळा तिसरीच गोष्ट घडते: टिपणी वाचून साहेब म्हणतात, "राहू द्या, जा तुम्ही." आणि विषय संपतो. महिन्यापूर्वीच्या अर्जाबद्दल आज अशी टिपणी मागच्या तारखेने लिहायला जाऊ नका, तो तर विनोदच होईल. त्याबद्दल आजच्या तारखेला आपल्या खाजगी वहीत जे घडलं ते लिहून ठेवा, एवढं पुरे.

दालनात उभं असताना काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे, कारण रडू तिथलं आहे. माणूस ओरडायला लागला की आपण श्वास धरतो. तुम्ही बघा, धरतोच. मग आवाज कापतो, डोळ्यांत पाणी येतं. आत जाताना वही आणि पेन घेऊन जा. रिकाम्या हाताने कधीच जायचं नाही. ते बोलायला लागले की वही उघडा आणि लिहायला लागा. त्यांचे शब्द, जसेच्या तसे. लिहिताना श्वास सोडावा लागतो, नजर खाली जाते पण मान झुकलेली दिसत नाही, आणि हाताला काम मिळतं. अधूनमधून एक साधा प्रश्न विचारा: "साहेब, ही माहिती कोणत्या तारखेपर्यंत हवीय?" मी कित्येकदा पाहिलंय, समोरचा लिहून घेतोय हे दिसलं की ओरडण्याची पट्टी दोन घरं खाली येते. एकदा एका साहेबांनी मला विचारलंही, "काय लिहिताय?" म्हटलं, "आपण सांगताय ते, साहेब. विसरायला नको." त्यानंतर त्या दिवशी ते फक्त कामाचंच बोलले.

आणि रडू आलंच तर येऊ द्या. बाहेर या, तोंड धुवा, पाणी प्या, आणि टेबलावर बसून दहा मिनिटं एखादं साधं काम करा, पत्रांना क्रमांक टाका. रडणारी माणसं दुबळी असतात, हा समज काढून टाका. माझ्या पाहण्यातली सगळ्यांत चिवट बाई एका चौकशीत तीनदा रडली होती आणि एकदाही जबाब बदलला नव्हता.

आता माझी फजिती सांगतो. १९९४ साल. रोजगार हमीची काही माहिती मुदतीत दिली नाही म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. माहिती मी दिलेली होती. डोकं फिरलं आणि मीही तेवढ्याच आवाजात चार शब्द सुनावले. बाहेर आलो तर सहकाऱ्यांनी पाठ थोपटली, कुणीतरी चहा पाजला. चार दिवसांनी कारणे दाखवा नोटीस आली: माहिती विलंबाने सादर केली आणि वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले. त्या दिवशी चहा पाजणारा माझ्या टेबलाकडे फिरकला नाही. मी घरी जाऊन रात्री दोनपर्यंत सात पानी खुलासा लिहिला. साहेबांची मागची तीन वर्षं, त्यांचे नातेवाईक, तालुक्यातली वाळू, सगळं त्यात होतं.

आमच्याकडे एक म्हातारे अव्वल कारकून होते, निवृत्तीला वर्षभर उरलेलं. सकाळी त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि विचारलं, "यात आरोपाचं उत्तर कुठंय रे?" आम्ही दोघांनी शोधलं. पाचव्या पानावर तीन ओळींत सापडलं. त्यांनी त्या तीन ओळींखाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाले, "हे ठेव. बाकी घरी चुलीत घाल, बंबात पाणी तापेल."

नवा खुलासा अर्ध्या पानाचा झाला. पहिला परिच्छेद: माहिती अमुक दिनांकास जावक क्रमांक अमुकने सादर केली आहे, स्थळप्रत सोबत जोडली आहे. दुसऱ्या परिच्छेदावरून आमचं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, लिही: "त्या प्रसंगी माझा आवाज वाढला ही बाब मान्य असून त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो." मी म्हणालो, मरेन पण लिहिणार नाही. ते म्हणाले, "वाढला होता का नव्हता?" वाढला होता. "मग लिही. खरं आहे ते आपण आधी लिहिलं की त्यांच्या हातात उरतं काय?" शेवटी लिहिलं. पहिला आरोप गळला. दुसऱ्याबद्दल मला समज दिली गेली आणि प्रकरण मिटलं. ते सात पानी पत्र गेलं असतं तर प्रत्येक पानावरून एक नवा आरोप निघाला असता. तेव्हापासून माझा नियम आहे: नोटिशीचं उत्तर त्या रात्री लिहायचं, पण द्यायचं नाही. एक झोप काढायची, एका शांत माणसाला वाचायला द्यायचं, आणि मुदत संपायच्या एक दिवस आधी देऊन पोहोच घ्यायची. मुदत अपुरी असेल तर कागदपत्रं मागून मुदतवाढीचा अर्ज द्यायचा.

तो शांत माणूस मिळवणं, हे निम्मं काम आहे. मी मुद्दाम "एक" म्हणतोय. सगळं ऑफिस आपल्या बाजूने उभं राहील ही आशा ठेवली की पदरी कडवटपणा येतो. बाकीच्यांनाही पोरंबाळं आहेत, ते गप्प राहणारच, त्यांचा राग धरू नका. पण एक मात्र लागतो. अमेरिकेत १९६१ पासून येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने काही प्रयोग केले होते. करड्या कोटातला एक माणूस सांगतो म्हणून सामान्य माणसं दुसऱ्याला विजेचे झटके देत जातील का, हे बघायचं होतं. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत. पहिल्या प्रसिद्ध प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा सगळे सांगतात. त्याचाच दुसरा एक प्रकार कमी लोक सांगतात: शेजारी बसलेल्या दोघांनी मध्येच "आम्ही नाही करणार" म्हणून हात काढून घेतले, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त ४ उरले. माणसं तशीच, साहेब तोच, कोट तोच. फक्त शेजारी कुणीतरी थांबलेलं दिसलं.

तुमच्या ऑफिसात असा माणूस कोण आहे, ते शोधा. तो तुमच्या संवर्गातला असायला हवा असं नाही. शिपाई असेल, कोतवाल असेल, निवृत्तीला आलेले नाझर असतील. त्यांना फक्त एवढं सांगून ठेवा, "मला दालनात बोलावलं की पाच मिनिटांनी एखादी फाईल घेऊन आत या." दाराच्या आत दुसरा माणूस उभा असला की बोलणं बदलतं. संघटनेचं सभासदत्व घ्याच, वर्गणी भरा, बैठकीला जा. पण गळ्याशी आल्यावरच संघटनेकडे धावणारा, आणि एरवी "ते पुढारी काय कामाचे" म्हणणारा, यांना पदाधिकारी बरोबर ओळखून असतात.

त्याच अव्वल कारकुनांची आणखी एक गोष्ट. राज्य कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ५४ दिवसांच्या संपात ते होते. मी त्यांना विचारलं होतं, अटकेची, बडतर्फीची भीती नाही वाटली? ते म्हणाले, "पहिले पंधरा दिवस वाटली. नंतर भीती फक्त किराणा दुकानदाराची वाटायची." हे वाक्य मी फार पुढे समजलो. खुर्चीवरच्या साहेबाला आपल्यावर जोर मिळतो तो आपल्या घरातूनच. पगाराच्या निम्म्याहून जास्त पतसंस्थेच्या हप्त्यात जात असेल तर दालनात उभं राहिल्यावर आपल्याला हप्त्याची तारीखच दिसते.

म्हणून एक कवायत सांगतो, ती अवघड आहे. येणाऱ्या एका महिन्यात घर निम्म्या पगारात चालवून बघा. खरोखर. यजमानांना विश्वासात घ्या, सासऱ्यांनाही. कुठे कात्री लागते, काय अजिबात चालत नाही, ते लिहा. उरलेला निम्मा पगार वेगळ्या खात्यात टाका. महिना संपला की दोन गोष्टी हातात येतात: थोडे पैसे, आणि "निलंबन झालं तर आपलं असं चालेल" हे प्रत्यक्ष बघितलेलं. मी स्वतः ही कवायत पंचेचाळिशीत केली, तेव्हा मोटारसायकलचं कर्ज आधी फेडून टाकलं. सासऱ्यांचा राग करू नका. "चालायचंच" म्हणणाऱ्या माणसाला बहुधा घर कसं चालेल याची काळजी असते, ती त्यांना तशी बोलता येत नाही. आकडे समोर ठेवले की तेच तुमच्या बाजूने बोलायला लागतील.

आता जरा टोचणारं. आपलं दप्तर चोख आहे का? हजेरी, प्रलंबित प्रकरणं, अभिलेख कक्षात न पाठवलेल्या नस्त्या, टेबलाच्या खालच्या खणातली ती दोन-चार पत्रं. छळायला बसलेला माणूस सगळ्यांत आधी तिथेच हात घालतो, आणि तिथे काही सापडलं की तुमची तक्रार म्हणजे कामचुकाराचा कांगावा ठरते. दोन शनिवार-रविवार घालवा आणि टेबल स्वच्छ करा. आणि "चहापाण्याचं" पाकीट कधी तुमच्याही हातात आलं असेल तर ते आजपासून बंद. मी अशा एका चौकशीत बचावाला बसलो होतो, माणूस छळला गेला होता यात शंका नव्हती. पण उलटतपासणीत त्याच्याच वाट्याचा हिशेब निघाला आणि मी मान खाली घालून बसलो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे साहेबांनाही माहीत असतं. म्हणून तर ते सुरुवातीला पोळी देऊन बघतात.

काही गोष्टी करू नका. निनावी तक्रार करू नका. ती कुणी लिहिली हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं, आणि तिच्यावर कारवाईही होत नाही. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमणा मारू नका. मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं असेल तर ते जपून ठेवा, पण वकिलाला विचारल्याशिवाय कुठेही पाठवू नका, पत्रकाराला तर नाहीच. माहितीच्या अधिकाराचा उपयोग करा, पण सुडासाठी नको. आपल्याला लागतो तोच कागद मागा, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवस थांबा, मग अपील.

आणि एक मर्यादा. मी वर सगळं टिकून राहण्याबद्दल लिहिलं, पण सगळंच सोसायचं नसतं. बोलण्यात किंवा वागण्यात लैंगिक काही असेल तर टिपणी-बिपणी विसरा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असते, तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करा. जातीवरून अपमान होत असेल तर त्यालाही कायदा आहे, १९८९ चा. तिथे समजुतीने घेण्याचा सल्ला कुणीही दिला, अगदी संघटनेच्या माणसाने दिला, तरी ऐकू नका.

तसंच दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी ऑफिसच्या विचाराने छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरकडे जा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हक्काची रजा शिल्लक असेल तर आठ दिवस घ्या. आणि विनंती बदली मागावीशी वाटली तर मागा. पळून गेलात असं मी म्हणणार नाही. मी स्वतः एकदा मागून घेतली होती आणि त्या नव्या तालुक्यात माझी सगळ्यांत चांगली चार वर्षं गेली. फक्त मागताना कारण कौटुंबिक लिहा, साहेबांविरुद्ध कैफियत त्या अर्जात मांडू नका. ती वेगळी द्यायची, वेगळ्या कागदावर, पुराव्यासकट.

उद्या सकाळी करायचं एवढंच. जाताना स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी वही घ्या, सुट्या पानांची नको, शिवलेली. पहिल्या पानावर आजची तारीख टाका आणि पानांना स्वतःच्या हाताने क्रमांक द्या. दुपारी सेवापुस्तक बघायला मागा, नोंदी कुठपर्यंत आल्यात ते पाहा आणि दुय्यम सेवापुस्तक (आपल्याकडे ठेवायची दुसरी प्रत) केलेलं नसेल तर त्याचा अर्ज आवकला द्या. त्यासाठी साहेबांच्या दालनात जायची गरज नाही, आस्थापनेच्या टेबलावर काम होतं. संध्याकाळी यजमानांना सोबत घेऊन ते डाव्या-उजव्या बाजूचं पान भरा. निलंबनासमोर काय लिहायचं यावर अडलात तर मला पुन्हा विचारा. तुमचा मूळ पगार आणि हप्ते कळवलेत तर निर्वाह भत्त्याचा हिशेब मांडून देतो.